खणाची पिशवी

पाव पुरता वाळलेला हवा. बोटाच्या पेराने वाजवला तर दारावर टकटक केल्यासारखा आवाज यायला हवा. ताजा पाव कोमट दुधात घातला की दहा मिनिटांत त्याची लापशी होते. वाळलेला पाव दूध पितो, फुगतो आणि तरी आपला आकार सोडत नाही. मग लोण्यात परतलेला कांदा, अजमोदाची पानं, दोन आंबट सफरचंदं, उकडलेले चेस्टनट, अंडी, मीठ, मिरी, किसलेलं जायफळ. सगळं हाताने कालवायचं, चमच्याने नाही. हे मला फ्राउ फोगेलनी शिकवलं, आमच्या पहिल्या घरमालकीणबाईंनी. नाताळच्या दिवशी भाजायच्या मोठ्या बदकाच्या पोटात त्या हे सारण भरत. मी पक्ष्याच्या भानगडीत पडत नाही. सारण काचेच्या भांड्यात थापते आणि तासभर ओव्हनमध्ये ठेवते. वरून कुरकुरीत, आतून मऊ.

आज सकाळी मी खिळ्यावरची पिशवी काढली आणि पाटावर उपडी केली. महिनाभराचे पाव खडखडत बाहेर आले, नदीतले गोटे ओतावेत तसे. पिशवी हिरव्या खणाची आहे, काठ लाल, आतून मांजरपाटाचं अस्तर, तोंडाला नाडी. सतरा वर्षांची झाली. खण विटला, अस्तराला पावाच्या कोंड्याचा वास कायमचा लागला. ती रिकामी करताना मी नाक जरा लांब ठेवते. उपयोग होत नाही. तो वास आला की मी जर्मनीतल्या र्युसेल्सहाइमच्या त्या जुन्या घराच्या तळघरात उभी असते.

दुमजली घर होतं. खाली फ्राउ फोगेल एकट्या, वर आम्ही. तळघर दोघांचं. जिना उतरताना आधी धुण्याच्या पावडरीचा वास येई, मग सफरचंदांचा. त्या वर्तमानपत्रावर सफरचंदं एकमेकांना न चिकटतील अशी मांडून ठेवत. तळाशी ओल्या विटांचा वास. वॉशिंग मशीनच्या वर एक खिळा होता आणि त्यावर निळ्या रेघांची पांढरी पिशवी. नाताळच्या आधीचे चार रविवार इथे मेणबत्त्या लावून मोजतात. त्यातल्या पहिल्या रविवारपासून त्या रोज आपल्या न्याहारीतला एक छोटा पाव त्या पिशवीत टाकत. मी कपडे वाळत घालताना रोज ती पिशवी बघत होते. ती कशासाठी आहे, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, मला माहीत आहे.

साताऱ्यात आमच्याकडे शिळ्याचा एक साधा कायदा होता. शिळं टाकायचं नाही, आणि शिळं पाहुण्याला वाढायचं नाही. रात्रीच्या उरलेल्या पोळ्या पितळी डब्यात जात. सकाळी आई त्या कुस्करी, मोहरी तडतडे, कढीपत्ता उडे, आणि शाळेत जायच्या आधी आमच्या पुढ्यात पिवळाधमक कुस्करा येई, वर शेंगदाणे, चिमूटभर साखर. कुस्करा उरला नाही तर आई नुसती शिळी पोळी चहात बुडवून खाई आणि लुना काढून पोस्टात जाई. एकतीस वर्षं तिने पोस्टात नोकरी केली. परदेशी पाकिटांवरचे पत्ते ती चष्मा कपाळावर सरकवून धडाधड वाचायची. सणाला मात्र सगळं ताजं. सणाला शिळं, ही गोष्ट आमच्या डोक्यातच शिरली नसती. जगात कुठे लोक महिनाभर पाव शिळा करतात, आणि तेही सणासाठी, असं मला कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

आई आली ती नोव्हेंबरात, तीन महिन्यांच्या व्हिसावर. जुई दोन वर्षांची होती, आणि मी गाडीच्या वायरिंगच्या कामावर नुकतीच पुन्हा रुजू झाले होते. साडीच्या आत थर्मल, पायात लोकरी मोजे, वर माझा जुना जाड स्वेटर, अशी आई दिवसभर घरात वावरायची. दुपारी जुईला मांडीवर घेऊन चित्रांचं पुस्तक उघडायची. दोघी एकत्र जर्मन शिकत होत्या. मी कामावरून आले की आई परीक्षा दिल्यासारखी म्हणून दाखवायची, "हुंड म्हणजे कुत्रा. हाउस म्हणजे घर. आणि हे बघ, चर्च, पाच घरं, एक गाय. डोर्फ. म्हणजे खेडं." जुई टाळ्या वाजवायची. बाहेर साडेचारला अंधार होई, चर्चची घंटा वाजे, आणि रेडिएटरवर वाळत घातलेल्या मोज्यांचा वास घरभर पसरे.

त्या घरात माझे काही नियम होते. फोडणी करायच्या आधी कोट बेडरूममध्ये नेऊन दार लावायचं. पंखा तीनवर. दाराच्या फटीला टॉवेल. ऑफिसात लिफ्टमध्ये कोणी माझ्या कोटाचा वास घेईल, याची मला धास्ती असे. आई कढईवर झाकण धरून मोहरी घालायची आणि म्हणायची, "चोरून फोडणी करायची पाळी आली गं माझ्यावर." ती हसायची. मी हसायची नाही, टॉवेल नीट बसवायची.

नाताळची सकाळ होती. दुकानं आदल्या दिवशी दुपारी बंद झालेली, ती आता दोन दिवसांनी उघडणार. नवरा कामासाठी पुण्याला गेलेला. मी इस्त्री करत होते.

"कणीक संपली गं," आई म्हणाली. "परवाच सांगितलं होतं तुला."

"विसरले."

"मग न्याहारीला काय करू? पोर उठली की भुकेने नाचेल."

मी मान वर केली नाही. "खाली तळघरात पिशवी टांगलीय बघ, शिळ्या पावांची. घे त्यातले."

"कोणाची पिशवी?"

"फोगलबाईंची. नदीवर बदकांना घालत असतील."

"विचारलंस का त्यांना?"

"आई, शिळे पाव आहेत. त्यात काय विचारायचं?"

आई खाली गेली. ओच्यात होते तेवढे पाव घेऊन वर आली. "दगड झालेत नुसते," ती खुशीत म्हणाली, "पण पाण्याचा हबका मारला की येतील वळणावर." शिळ्याला वळणावर आणणं हे तिचं आवडतं काम. तिने पाव फोडले, मोठ्या कढईत फोडणी घातली, साताऱ्याहून आणलेला वाळका कढीपत्ता, हिरवी मिरची, कांदा, शेंगदाणे. सणाचा दिवस म्हणून मीही त्या दिवशी टॉवेल लावला नाही. जुई उठली, उंच खुर्चीत बसली आणि दोन्ही हातांनी खायला लागली. तिची हनुवटी पिवळी झाली. मला आठवतं, ते चांगलं झालं होतं. बाहेरून खरपूस, आतून मऊ.

अकराच्या सुमाराला बेल वाजली. फ्राउ फोगेल एप्रन घालून उभ्या होत्या. कोपरापर्यंत बाह्या वर केलेल्या, हाताला लोण्याचा आणि कांद्याचा वास. एका हातात निळ्या रेघांची रिकामी पिशवी. त्या वर्षी त्यांचा मुलगा यायचा होता, सहा वर्षांनी पहिल्यांदा. आठवडाभर त्या जिन्यात भेटल्या की तेवढंच सांगायच्या, की त्याला त्यांच्या हातचं सारण आवडतं, बाकी काही नसलं तरी चालतं.

त्यांनी मला दोष दिला नाही. "माफ करा," त्या जर्मनमध्ये म्हणाल्या, "तुम्ही चुकून माझे पाव कुठे बघितले का?" आणि तेवढ्यात त्यांची नजर माझ्या खांद्यावरून आत टेबलाकडे गेली.

मी पाच वर्षं जर्मन शिकत होते. बँकेत अडखळायची, डॉक्टरकडे अडखळायची. हे वाक्य मात्र सरळ आलं, एकाही चुकीशिवाय. "अरे देवा, फ्राउ फोगेल, हे माझ्या आईने केलं. तिला इथलं काही कळत नाही हो. खेड्यातली आहे ती." डोर्फ हाच शब्द मी वापरला.

आई कालथा हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने पिशवीकडे बघितलं. मग बाईंच्या तोंडाकडे. मग माझ्याकडे, अगदी थोडा वेळ. कालथा खाली ठेवून तिने हात जोडले आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, "सॉरी. माय मिस्टेक."

"काही हरकत नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मात्र हरकत नसल्यासारखा नव्हता. मी आमच्याकडचा सँडविच ब्रेडचा पुडा त्यांच्या हातात कोंबला. ओव्हनमध्ये वाळवा, म्हणाले. मी मदतीला तत्पर असते, असं सगळेच म्हणतात.

दुपारी खालून काट्याचमच्यांचा आवाज येत होता. बोलण्याचा फारसा येत नव्हता. सारणाचा चिखल झाला, हे पुढे बाईंनीच मला सांगितलं. मुलगा जेवण होताच निघाला. का, ते मी विचारलं नाही. वर आमच्या कढईत अर्धा कुस्करा तसाच राहिला होता. मला तो जाईना. आईने तो दोन दिवस एकटीने संपवला, चहाबरोबर, उभ्या उभ्या.

त्यानंतर पाच आठवडे ती राहिली. त्या पाच आठवड्यांचा मला एकच आवाज आठवतो. "हे दूध घेऊ का गं?" "ही सुरी घेऊ का?" "जुईला हा टॉवेल गुंडाळू का, की तो दुसरा कसला आहे?" फ्रिजचं दार धरून ती थांबायची. माझ्या घरात, माझ्या आईने, एक लिंबू घ्यायचं तर ती थांबायची. शेवटी मी वैतागले.

"आई, प्रत्येक गोष्ट काय विचारतेस?"

"विचारलेलं बरं," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. मी नीट शोधला. टोमणा असता तर मला भांडता आलं असतं.

मी माफी मागितली नाही. आज मागू, उद्या मागू, असंही केलं नाही. मी ती गोष्ट बंद केली, भांडं घासून पालथं घालावं तशी. जानेवारीच्या शेवटी विमानतळावर तिने जुईचा मुका घेतला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "डब्यात कणीक भरून ठेवत जा." ती परत जर्मनीला आली नाही. आधी वडिलांचं ऑपरेशन होतं, मग गुडघे. कारणं सगळी खरी होती.

पुढच्या उन्हाळ्यात मी साताऱ्याला गेले. आमराईतून आलेल्या पेट्या, खोलीत गवताचा आणि पिकल्या आंब्याचा वास, वर पंखा. आईने कपाटातून ही पिशवी काढली. ओटीत आलेला हिरवा खण तिने पावाच्या मापाने बेतला होता. अस्तर लावलं होतं, धागेदोरे निघून पावात जाऊ नयेत म्हणून शिवण दोनदा घातली होती. "फोगलबाईंना दे," ती म्हणाली. "त्यांची पिशवी मी रिकामी केली होती ना."

खोलीत आम्ही दोघीच होतो. तिसरं कोणी ऐकायला नव्हतं. तरी ती "मी" म्हणाली.

आणि मी "हो, देते" म्हणाले.

फ्राउ फोगेलनी ती पिशवी दोन्ही हातांत घेऊन उजेडाकडे धरली. काठावरून अंगठा फिरवला. निळ्या रेघांची पिशवी त्यांनी त्याच दिवशी फडक्यांत टाकली आणि खिळ्यावर खण चढला. त्या नाताळला त्यांनी मला खाली बोलावलं, एप्रन दिला आणि सारण शिकवलं. "तुझ्या आईचे हात हुशार आहेत," त्या म्हणाल्या. आम्ही शेजारी शेजारी उभ्या राहून पाव कापत होतो. माझ्या बाजूला सुरीचा करकर आवाज, त्यांच्या बाजूला कांदा लोण्यात पडल्याचा. खरं सांगायला तो दिवस चांगला होता. मी काय केलं? मी ती गोष्ट गंमत म्हणून सांगितली. आई कशी तळघरात गेली, ओच्यात पाव घेऊन कशी वर आली. बाई डोळे पुसेपर्यंत हसल्या.

ती गोष्ट मग दर वर्षी सांगायची पद्धतच पडली. दुसऱ्या वर्षी तिच्यात खेड्यातली गाय आली. चौथ्या वर्षापर्यंत मी आईची चाल करून दाखवायला लागले होते. जुई ती गोष्ट ऐकत मोठी झाली. तिच्यासाठी सण म्हणजे ओव्हनचा उबदार वास, जायफळ आणि आजीने पळवलेले पाव. आम्ही ते घर सोडून दोन रस्ते पलीकडे आलो तरी बाई दर नाताळला येत राहिल्या. दर वेळी पहिला प्रश्न, "आई कशी आहे, पाव-चोर?" मी ते आईला फोनवर सांगायची. आई म्हणायची, "बरी आहे म्हणावं. आता चोरी सोडली."

फ्राउ फोगेल दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांच्या मुलाने घर रिकामं केलं आणि एक दिवस खणाची पिशवी घेऊन तो आमच्या दारात उभा राहिला. पिशवीला टाचणीने चिठ्ठी लावली होती, बाईंच्या अक्षरात. "वरच्या मजल्यासाठी." आम्ही वरचा मजला सोडून नऊ वर्षं झाली होती. मी पिशवी घेतली, त्याला कॉफी विचारली, तो नको म्हणाला. त्या दिवसापासून ती माझ्या स्वयंपाकघरात खिळ्यावर आहे.

जुई ड्रेस्डेनला शिकते. या वेळी मैत्रिणीला घेऊन आली आहे, लेना नाव तिचं. दोघी टेबलाशी बसून चेस्टनट सोलत होत्या. सारण ओव्हनमध्ये गेलं होतं, आणि ही सोलाई सूपसाठी होती. आईचा व्हिडिओ कॉल लावून जुईने फोन साखरेच्या डब्याला टेकवला. साताऱ्यात साडेचार वाजले होते. आई खुर्चीत, स्वेटर नाही, चष्मा कपाळावर.

"आल्झो, तर मग," जुई लेनाला जर्मनमध्ये सांगायला लागली, "ही ती आजी. पावांची." आणि तिने ती गोष्ट सांगितली. पूर्ण. तळघर, ओचा, गाय. माझ्याच शब्दांत, माझ्याच ठिकाणी थांबत. चाल सुद्धा करून दाखवली. मी सिंकपाशी पाठमोरी उभी होते. नकलेची नक्कल बघायला मला मागे वळावं लागलं नाही, खुर्ची सरकल्याचा आवाज पुरला.

लेना हसली आणि वाकून फोनमध्ये बघत इंग्रजीत म्हणाली, "पण आजी, तुम्ही ते पाव घेतले तरी का?"

आईने चष्मा डोळ्यांवर घेतला. "मला काय ठाऊक, बाळा," ती इंग्रजीतच म्हणाली. "खेड्यातली बाई मी." मग पोरींना हसवायला शेवटचा शब्द जर्मनमध्ये. "डोर्फ."

दोघी खिदळल्या. माझ्या हातात ओला काचेचा पेला होता. मी तो खाली ठेवला. चर्च, पाच घरं, एक गाय. जुईच्या पुस्तकातलं पान. त्या सकाळी दारात उभी राहून तिने सगळं वाक्य समजून घेतलं होतं, आणि त्यानंतर हात जोडले होते.

"नाही," मी म्हणाले. जर्मनमध्ये म्हणाले, म्हणजे दोघींना कळेल. "ते पाव घ्यायला मी सांगितलं होतं. तिने विचारलं होतं, बाईंना विचारलंस का म्हणून. मी म्हणाले, त्यात काय विचारायचं. आणि बाई दारात आल्या तेव्हा मी तिचं नाव घेतलं. ती खेड्यातली नाही. ती पोस्टात होती."

लेनाने चेस्टनटकडे बघायला सुरुवात केली. जुईने हातातला चेस्टनट खाली ठेवला. "तू आजीवर ढकललंस?" ती जर्मनमध्ये म्हणाली. "आणि दर वर्षी आम्हाला सांगत होतीस?"

"हो."

"तिच्या चालीसकट?"

"हो."

फोनमध्ये आई पुढे वाकली. तिला जर्मन फार येत नाही, पण तिला काही सांगायची गरज नव्हती. मी मराठीत म्हणाले, "आई, मी सांगितलं त्यांना. पावांचं." पुढचा शब्द घशापर्यंत आला होता. सतरा वर्षं वाळला की शब्दही दगड होतो.

"कशाला गं आता, सणाच्या दिवशी," आई म्हणाली. मग, "ओव्हन बघ तुझा. करपेल."

मी ओव्हन बघायला वळले. खरंच कडा काळ्या पडायला लागल्या होत्या. भांडं बाहेर काढताना मी तिच्याकडे पाठ करूनच म्हणाले, "चुकलं माझं." ते तिला ऐकू गेलं की नाही, माहीत नाही. मला परत म्हणायचं धैर्य झालं नाही.

मागे जुईची खुर्ची सरकली. तिने खिळ्यावरची रिकामी पिशवी काढून फोनसमोर धरली. माझ्याशी ती जर्मनच बोलते. आता मराठी बोलली, एकेक शब्द शोधत. "आजी, ही पिशवी मी ड्रेस्डेनला... मी घेऊ का?"

"अगं," आई म्हणाली, "त्यात काय विचारायचं? घे की."

मला कोणी विचारलं नाही. विचारायचं कारणही नव्हतं. मी ताटं मांडली, सारण वाढलं. मधला मऊ भाग लेनाला आणि जुईला, करपलेल्या कडा माझ्या ताटात.